टोटल कोलेस्टेरॉल १७८, मग गोळी कशाला?

प्रश्न: माझे वय ४२. अडीच वर्षांपूर्वी उंचावरून पडलो आणि टी-४ (छातीच्या मणक्यांपैकी चौथा) या पातळीवर मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली. हात व्यवस्थित चालतात, व्हीलचेअर स्वतः ढकलतो, दिवसातून चार वेळा कॅथेटरने लघवी काढतो. नुकत्याच केलेल्या तपासणीत टोटल कोलेस्टेरॉल १७८, एचडीएल २९, ट्रायग्लिसराइड २१०, एलडीएल १०७ आणि उपाशीपोटी साखर १०८ आली. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, म्हणजे अपघाताआधी होते तेवढेच. वडिलांना ५१ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. डॉक्टर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू करू म्हणतात. टोटल दोनशेच्या आत, वजन जागच्या जागी, तरी गोळी कशाला? 'रोज चाळीस मिनिटे चाला' असे सगळीकडे लिहिलेले असते, त्याचे मी काय करू? शेवटचा प्रश्न विचारायला जरा भीती वाटते. छातीखाली मला काही जाणवत नाही. उद्या झटका आला तर मला कळेल का?

उत्तर: टोटलचा आकडा बाजूला ठेवा आणि एचडीएलच्या, म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलच्या, ओळीकडे पाहा. १७८ ला २९ ने भागले की ६.१ येतात. हेच १७८ ज्याच्या रक्तात ५५ एचडीएलसह असतील त्याचा भागाकार ३.२ येईल. दोघांच्या रिपोर्टवर टोटलपुढे 'नॉर्मल' असेच छापलेले असते, पण धमन्यांच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे आहेत. हा भागाकार पाचाच्या वर गेला की जोखीम वाढलेली समजतात. तुमचे टोटल कमी दिसते त्याचे एक कारणच मुळी हे की त्यातला चांगला वाटा घटला आहे. मज्जारज्जूच्या इजेनंतर नेमके असेच चित्र वारंवार दिसते. टोटल साधारण, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चारचौघांसारखे, एचडीएल मात्र चाळिशीच्या खाली, आणि बऱ्याच जणांत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलेले.

एलडीएलच्या १०७ वरही फार विसंबू नका. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात: टोटलमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. १७८ वजा २९ वजा ४२, झाले १०७. ट्रायग्लिसराइड जितके जास्त तितका हा हिशोब एलडीएल कमी दाखवण्याकडे झुकतो, आणि ४०० च्या पुढे तो वापरूच नये. त्यापेक्षा टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा. तुमचे उत्तर १४९ येते. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीच्या भिंतीत शिरणारे सगळे कण यात मोजले जातात. सर्वसाधारणपणे ते १३० च्या आत हवे.

वजन तेवढेच आहे ही तुमची दिलाशाची गोष्ट दुर्दैवाने उलटी आहे. मांड्या आणि कुल्ले हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. मेंदूकडून आदेश येणे थांबले की पहिल्या काही आठवड्यांतच ते झपाट्याने वाळू लागतात. काट्यावर ६८ चे ६८ राहिले असतील तर गेलेल्या स्नायूंची जागा चरबीने घेतली आहे, आणि तिचा बराच भाग पोटात आतड्यांभोवती बसतो. स्नायू हे साखर आणि चरबी जाळण्याचे ठिकाण. रक्तातले ट्रायग्लिसराइड फोडणारे एक विकर (एन्झाइम) काम करणाऱ्या स्नायूंच्या केशवाहिन्यांत असते, आणि स्नायू निजला की तेही मंदावते. ट्रायग्लिसराइडचे कण फुटतात तेव्हा त्यांच्या सालीतून एचडीएलला माल मिळतो. ते फुटेनासे झाले की ट्रायग्लिसराइड साचते आणि एचडीएल घटते. तुमच्या २१० आणि २९ या जोडीमागे हेच आहे. साखर १०८ असण्याची मुळेही तिथेच.

म्हणून बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाची) नेहमीची २५ ची रेघ तुम्हाला लागू नाही. मज्जारज्जूच्या इजेत २२ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तुमचा २३ आहे. पोटाचा घेर मात्र घरीच मोजा, पण व्हीलचेअरमध्ये बसून नको. पोटाच्या स्नायूंचा ताण गेलेला असल्याने बसल्यावर पोट पुढे लोंबते आणि माप फसवते. उताणे झोपून, श्वास सोडल्यावर, सर्वांत खालच्या बरगडीच्या लगेच खाली फीत फिरवा. ९४ सेंटिमीटरच्या वर असेल तर चरबी आत बसली आहे असे समजा. दर महिन्याला त्याच वेळी, शक्यतो पोट साफ झाल्यावर मोजा. गॅस आणि साचलेला मळ घेर सहज वाढवतात. वजनासाठी व्हीलचेअरचा काटा मिळाला तर आधी खुर्चीसह, मग रिकामी खुर्ची त्याच गादीसह मोजून वजाबाकी करा.

गोळीकडे वळण्याआधी एक शंका फेडून घ्या. रक्त दिले त्या सुमारास लघवीचा संसर्ग, ताप किंवा बेडसोर होता का? शरीरात दाह पेटलेला असताना एलडीएल आणि एचडीएल दोन्ही खाली येतात, आणि तो रिपोर्ट तुमची रोजची स्थिती सांगत नाही. तसे असेल तर आजार पूर्ण बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून, नऊ ते बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासा. त्याच नमुन्यात एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) मागून घ्या. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हिमोग्लोबिन कमी असेल तर हा आकडा दिशाभूल करू शकतो. अशा वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली चाचणी जास्त विश्वासाची. पॅराप्लेजियात (दोन्ही पाय लुळे पडलेल्यांत) उपाशीपोटीची साखर ठीक आणि दोन तासांनंतरची बिघडलेली, असे पुष्कळदा सापडते. वडिलांचा झटका ५५ च्या आतला आहे, म्हणून लायपोप्रोटीन-ए ही तपासणीही एकदा करावी. ती आनुवंशिक असते, आयुष्यात एकदा पुरते. ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर स्टॅटिनकडे कल आणखी झुकतो.

जोखीम सांगणारी नेहमीची तक्ते आणि कॅल्क्युलेटर तुमच्यासाठी अपुरी आहेत, कारण त्यांत मज्जारज्जूच्या इजेचा रकानाच नसतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीत वय आणि लिंग यांचा परिणाम वगळूनही अशा इजेच्या लोकांत हृदयविकाराची शक्यता सुमारे २.७ पट आणि पक्षाघाताची सुमारे ३.७ पट आढळली होती.

आता आमचे मत. एचडीएल ४० च्या खाली, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, साखर १०० च्या वर, घेर बहुधा मर्यादेबाहेर, आणि वडिलांचा इतिहास. एवढे एकत्र असताना मध्यम ताकदीचे स्टॅटिन सुचवणे हा डॉक्टरांचा अतिरेक नाही. आधी आहार आणि व्यायामाने पाहू, असे म्हणायलाही हरकत नाही, पण मग तीन महिन्यांनंतरची रक्त तपासणीची तारीख आजच ठरवा. 'बघू पुढे' याला तारीख नसते आणि वर्षे निघून जातात. निर्णय होतच नसेल तर हृदयाच्या धमन्यांतला कॅल्शियम मोजणारे सीटी स्कॅन मदत करते. त्यात कॅल्शियम दिसले तर वाद संपला. शून्य आले तर चाळिशीत त्यावर पूर्ण निश्चिंत मात्र होऊ नये, कारण ताज्या चरबीच्या थरांत अजून कॅल्शियम साचलेले नसते.

मध्यम ताकद म्हणजे अटॉरव्हास्टॅटिन १० ते २० मिलिग्रॅम किंवा रोसुव्हास्टॅटिन ५ ते १०. एलडीएल ३० ते ४९ टक्के उतरणे अपेक्षित, म्हणजे तुमचे १०७ सत्तरच्या आसपास यावे. ट्रायग्लिसराइडही थोडे उतरते. एचडीएल मात्र २९ चे ३० किंवा ३१ होईल, आणि तेव्हा 'गोळी लागू पडली नाही' असे समजून ती बंद करू नका. तिचे काम वाईट कण कमी करण्याचे आहे. औषधाने एचडीएल वर ढकलण्याचा मोठा प्रयोग नायसिनवर (ब-३ जीवनसत्त्वावर) होऊन गेला. २०११ आणि २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एचडीएल वाढले, झटके कमी झाले नाहीत. म्हणून कोणी नायसिनचे पूरक डबे सुचवले तर पैसे वाचवा. फायब्रेट गटातली औषधे ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेल्यावर स्वादुपिंडाच्या रक्षणासाठी लागतात. २१० ला त्यांची घाई नको.

स्टॅटिनच्या बाबतीत तुमचे शरीर इतरांपेक्षा तीन ठिकाणी वेगळे वागते, आणि हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. पहिले, स्नायू दुखणे हा याचा ओळखीचा त्रास, पण मांडी दुखली तरी तुम्हाला कळणार नाही. तेव्हा वेगळ्या खुणा पाहा: खांदे-दंड दोन्हीकडे सारखे दुखणे, ट्रान्सफर करताना (खुर्चीतून पलंगावर वगैरे सरकताना) हात अचानक कमजोर वाटणे, पायांचे स्पॅझम (स्नायू आपोआप आखडणे) विनाकारण वाढणे, लघवी चहासारखी गडद होणे. शेवटची खूण दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) तपासा. तुलनेसाठी सुरू करण्याआधीचा सीके आणि यकृताची तपासणी हाताशी असू द्या. कठीण व्यायामानंतर दोन-तीन दिवस सीके आपोआप चढलेला असतो, त्या दिवसांत रक्त देऊ नका.

दुसरे, मूत्रपिंडाचा हिशोब. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिन कमी, आणि त्यावरून काढलेली मूत्रपिंडाची क्षमता असते त्यापेक्षा चांगली दिसते. रोसुव्हास्टॅटिन, फायब्रेट किंवा मेटफॉर्मिन यांचा डोस ठरवताना शंका असेल तर सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी न विसंबणारी मूत्रपिंडाची रक्त तपासणी) तपासायला सांगा.

तिसरे, तुम्हाला अँटिबायोटिक वारंवार लागतात. छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिले गेले तर अटॉरव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी चढते. तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायचे का हे लिहून देणाऱ्याला विचारा. ओघात आणखी एक जोडी: स्पॅझमसाठी टिझानिडीन घेत असाल तर लघवीच्या संसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊ नका. दोन्ही एकत्र आल्यावर रक्तदाब धोकादायक इतका कोसळतो. हे कोलेस्टेरॉलचे नाही, पण तुमच्या औषधांच्या डब्यात सापडण्याजोगे आहे.

गोळी सुरू झाल्यावर चार ते बारा आठवड्यांत पुन्हा लिपिड प्रोफाइल करा. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते. १०८ असताना हे माहीत हवे, पण झटक्यापासून मिळणारे संरक्षण त्याहून भारी पडते. साखर दर सहा महिन्यांनी पाहिली की पुरे.

आता चालण्याचे. तुमच्यासाठी वेगळे मोजमाप आहे आणि ते अस्पष्ट नाही. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार हृदय आणि चयापचयासाठी आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी किमान ३० मिनिटे, मध्यम ते जोरकस तीव्रतेचा दमसाधक व्यायाम. शक्तीसाठी आठवड्यातून दोनदा, चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या स्नायूगटाचे तीन संच, आठ ते दहा आवर्तने. दम वाढवण्याची साधने म्हणजे हाताने फिरवायचे पेडल यंत्र, सपाट मोकळ्या जागेत सलग व्हीलचेअर ढकलणे, बसून करायचे रोइंग, पोहणे. मोटरने पाय फिरवणारी सायकल आणि उभे राहण्याची फ्रेम सांध्यांसाठी किंवा ताठरपणासाठी उपयोगी असतील, पण त्यात हृदयाला कष्ट पडत नाहीत. त्यांचा वेळ या तीस मिनिटांत धरू नका.

तीव्रता नाडीवरून ठरवायची नाही. हृदयाला वेग देणाऱ्या नसा मज्जारज्जूतून टी-१ ते टी-४ च्या दरम्यान बाहेर पडतात. मानेत इजा असलेल्यांची नाडी कितीही जोर लावला तरी साधारण १२० ते १३० शीच अडते. तुमची त्याहून चढेल, पण '२२० वजा वय' हे सूत्र तुमच्यावर बसेलच असे नाही. शून्य ते दहा अशी मेहनतीची पट्टी धरा. पाच-सहा म्हणजे मध्यम, बोलता येते पण गाता येत नाही. यंत्रावरच्या कॅलरींच्या आकड्यावरही विश्वास नको. ती यंत्रे विश्रांतीतला ऑक्सिजनचा वापर किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर धरतात, मज्जारज्जूच्या इजेत तो २.७ च्या आसपास असतो. शिवाय हातांचे स्नायू लहान. या व्यायामाने दम, एचडीएल आणि साखर सुधारेल. वजन उतरवण्याचे काम मात्र ताटातूनच होते.

सुरुवात पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांनी करा, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. दर आठवड्याला फेरीमागे एक मिनिट वाढवा. दोन महिने झाल्यावर सलग तीस मिनिटे जमायला लागतील. घाई केली तर अडते ते हृदय नव्हे, खांदा. ट्रान्सफर आणि ढकलणे या दोन्ही कामांत छातीचे पुढचे स्नायू आधीच जास्त वापरले जातात, म्हणून शक्तीच्या व्यायामात मागे ओढण्याच्या हालचाली पुढे ढकलण्याच्या दुप्पट ठेवा. रबरी पट्टा दारात अडकवून कोपर मागे खेचणे, पाठीची पाती एकमेकांजवळ आणणे, दंड बाहेर फिरवणे. छातीचे स्नायू रोज ताणा. खुर्ची ढकलताना लांब, सावकाश हात मारा, आणि हात सोडल्यावर चाकाबाहेरच्या ढकलायच्या चकतीच्या खालून मागे येऊ द्या. हात चाकाच्या वरच्या टोकाला असताना कोपर १०० ते १२० अंशांत वाकलेले हवे. तसे नसेल तर सीटची उंची तपासा. खांदा दुखला की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज घेण्याची सवय अनेकांना लागते. तुमच्या रिपोर्टसह ती सवय वाईट, कारण ही औषधे हृदयाची जोखीम, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा भार तिन्ही वाढवतात.

व्यायामाआधी मूत्राशय रिकामे करा. टी-४ ही पातळी टी-६ च्या वर असल्याने तुम्हाला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा (इजेखालच्या एखाद्या त्रासाने रक्तदाब एकाएकी धोकादायक चढण्याचा) धोका आहे, आणि भरलेले मूत्राशय हे त्याचे पहिले कारण. इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून उष्ण दिवसात ओला टॉवेल आणि पाण्याचा फवारा जवळ ठेवा. काही खेळाडू मुद्दाम मूत्राशय भरलेले ठेवून रक्तदाब वाढवतात आणि त्या जोरावर वेग काढतात. पॅरालिम्पिक नियमांत यावर बंदी आहे, आणि ती अगदी योग्य आहे. विजेच्या झटक्यांनी पायाचे स्नायू आकुंचित करून चालवायची सायकल मिळत असेल तर ती खरोखर उपयुक्त, कारण झोपलेले मोठे स्नायू पुन्हा जळण वापरू लागतात. पण आधी गुडघ्याजवळच्या हाडांची घनता तपासा, तिथली हाडे अडीच वर्षांत ठिसूळ झालेली असतात, आणि पहिली काही सत्रे रक्तदाब मोजत करा.

आहारात पहिला आकडा उष्मांकांचा. पॅराप्लेजियात दिवसाला किलोमागे सुमारे २८ आणि क्वाड्रिप्लेजियात (हात-पाय दोन्ही लुळे पडलेल्यांत) सुमारे २३ उष्मांक लागतात. ६८ किलोला साधारण १९००. वजन उतरवायचे असेल तर त्यातून दोन-तीनशे कमी करा. हा सुरुवातीचा अंदाज आहे. महिनाभरात घेर आणि वजन हलले नाही तर तुमची गरज त्याहून कमी आहे. आठवड्याला पाव ते अर्धा किलोपेक्षा वेगाने उतरू नका. प्रथिने किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम ठेवा. बेडसोर असेल तर ती १.२५ ते १.५ हवीत, आणि अशा वेळी वजन उतरवण्याचा कार्यक्रम थांबवा. जखम भरणे आधी. चार-पाच किलो उतरले की बसण्याची गादी पुन्हा तपासून घ्या. कुल्ल्यांवरची चरबी कमी झाली की हाडांवर दाब वाढतो. त्या आठवड्यांत आरशाने त्वचा रोज पाहा.

संपृक्त चरबी एकूण उष्मांकांच्या पाच-सहा टक्के, म्हणजे तुम्हाला दिवसाला दहा-अकरा ग्रॅम. किती कमी ते पाहा: एका मोठ्या चमचाभर लोण्यात सात ग्रॅम असते, तेवढ्याच खोबरेल तेलात अकरा-बारा. ट्रायग्लिसराइड मात्र चरबीपेक्षा साखर, मैदा आणि दारूने जास्त चढते. इथे तुमच्यासारख्यांची एक खास चूक आढळते. लघवीचा संसर्ग टळावा म्हणून गोड क्रॅनबेरी रस रोज दोन-तीन ग्लास पिणे. त्यातली साखर थेट ट्रायग्लिसराइडमध्ये जाते. हवाच असेल तर बिनसाखरेचा घ्या, नाहीतर साधे पाणी.

सगळ्यात जास्त गडबड होते ती तंतुमय पदार्थांत. विरघळणारे तंतू दिवसाला पाच ते दहा ग्रॅम घेतले तर एलडीएल पाच टक्क्यांच्या आसपास उतरते, हे खरे. म्हणून लोक इसबगोलचा डबा आणून पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे टाकतात. तुमचे आतडे मात्र मंद आहे. पाणी कमी पडले तर तो चिकट गोळा आत अडकून बसतो. पाणी वाढवले तर मूत्राशय भरते. चार वेळा कॅथेटर घालणाऱ्याच्या मूत्राशयात ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त साचू लागते, आणि तुमच्या पातळीला त्यातून डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. आतड्यात अडकलेला मळही तेच करतो. तेव्हा आधी सध्याचे एकूण तंतू मोजा. सुरुवात दिवसाला १५ ग्रॅमपासून, मग दर आठवड्याला दोन-तीन ग्रॅम वाढवत ३० पर्यंत, सोसेल तेवढेच. इसबगोल एक लहान चमचा पूर्ण ग्लास पाण्यासोबत आणि औषधांपासून दोन तास दूर. पाणी वाढवले की दोन दिवस प्रत्येक वेळी निघालेली लघवी मोजून लिहा. ५०० ओलांडत असेल तर पाचव्यांदा कॅथेटर घाला. पोट साफ करण्याची वेळ लांबली किंवा पोट फुगले तर मागच्या प्रमाणावर या. कडधान्ये आणि ओट्स हेही याच नियमाने. तंतू चांगले आहेत म्हणून आतड्याचे बसलेले वेळापत्रक मोडू नका, ते बसवायला महिने लागलेले असतात.

मिठाबद्दलही सरसकट सल्ला नको. तुमचा बसल्यावरचा रक्तदाब १०० च्या खाली जात असेल आणि चक्कर टाळण्यासाठी मीठ सांगितले असेल तर स्वतःहून तोडू नका. आठवडाभर झोपून आणि बसून, एकाच हाताचा रक्तदाब लिहून काढा. हा तुमचा नेहमीचा आकडा. तो पुढेही लागणार आहे.

मज्जातंतूंच्या वेदनेसाठी प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन सुरू झाल्यानंतर घेर वाढला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दोन्हींनी वजन वाढते. तंबाखू कोणत्याही रूपात घेत असाल तर वर लिहिलेल्या सगळ्यापेक्षा ते सोडणे मोठे.

झटका कळेल का? तुमच्या पातळीला उत्तर 'बहुधा, पण फिका' असे आहे. हृदयाच्या वेदनेचे तंतू टी-१ ते टी-५ च्या आसपास मज्जारज्जूत शिरतात. त्यांतले वरचे तुमच्यात मेंदूपर्यंत जोडलेले आहेत. म्हणून छातीच्या वरच्या भागात, दंडाच्या आतल्या बाजूला, मानेत किंवा जबड्यात दाब किंवा जडपणा जाणवू शकतो. मानेत इजा असलेल्यांना मात्र छातीत काहीच न दुखता झटका येऊ शकतो. दोघांनीही या खुणा लक्षात ठेवाव्यात: आडवे असताना किंवा काही न करता दम लागणे, मळमळ, इजेच्या वरच्या भागात थंड घाम, अचानक आलेला कमालीचा थकवा, एकाएकी वाढलेले स्पॅझम, नेहमीपेक्षा खाली गेलेला रक्तदाब. मूत्राशय आणि आतडे दोन्ही रिकामे असूनही डिसरिफ्लेक्सिया थांबत नसेल तर हृदयाचा संशय घ्या.

अशा वेळी आधी रक्तदाब मोजा. नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने वर असेल, डोके ठणकत असेल, चेहरा लाल झाला असेल तर तो डिसरिफ्लेक्सिया धरा. ताठ बसा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, मूत्राशय रिकामे करा, मग आतडे. दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब पाहा. तुमचा नेहमीचा १०० असेल तर १४० हा तुमच्यासाठी फार वरचा आहे, समोरच्याला तो 'थोडासाच जास्त' वाटेल. रक्तदाब खाली असेल तर आडवे व्हा. दोन्ही स्थितींत पाच मिनिटांत फरक नसेल तर रुग्णवाहिका बोलवा, आणि ॲस्पिरिन चघळण्याआधी फोनवरच्या माणसाला रक्तदाबाचा आकडा सांगून विचारा.

आज तुम्ही बरे असताना एक ईसीजी काढून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. तुलनेला जुना ईसीजी असला की इमर्जन्सीत निर्णय लवकर होतो. पुढे कधी ताणचाचणी लागली आणि कोणी ट्रेडमिलचे नाव काढले तर हाताच्या पेडलवरची किंवा औषध देऊन करायची चाचणी मागा. पायांच्या धमन्या अरुंद झाल्या तरी चालताना दुखण्याची नेहमीची खूण तुम्हाला मिळणार नाही. पाऊल गार पडले किंवा छोटी जखम महिनाभर भरली नाही तर घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करून घ्या.

ईसीजीच्या त्या फोटोशेजारी एक चिठ्ठीही असू द्या. टी-४ पूर्ण इजा, डिसरिफ्लेक्सियाचा धोका, नेहमीचा बसल्यावरचा रक्तदाब, चालू औषधे. यात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेत असाल तर संकोच न करता लिहा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. छातीत दुखल्यावर किंवा डिसरिफ्लेक्सियात नायट्रोग्लिसरीन दिले जाते, आणि सिल्डेनाफिल घेतल्यानंतर २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास ते देता येत नाही.